आर्चर ब्लड : सरकारला लेखी "तुमचं चुकतंय" सांगणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्याचं पुढे नेमकं काय झालं?

चोपड्याची_मुक्ता

नमस्कार मंडळी. मी मूळ चोपड्याची, सध्या जळगावला रूम करून यूपीएससी करतेय, ऑप्शनल पीएसआयआर (राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध). बांगलादेशचा टॉपिक करताना आर्चर ब्लड हे नाव आलं आणि आमच्या अभ्यासिकेत त्यावरून जी चर्चा पेटली ती अजून विझली नाहीये, म्हणून इथे विचारतेय, इथे नोकरीतली जुनी माणसं पण आहेत आणि बाहेर राहणारे पण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७१ ला ते ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, अमेरिकेचे कॉन्सल जनरल होते, म्हणजे तिथल्या अमेरिकन कचेरीतले सगळ्यात मोठे साहेब. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली, युनिव्हर्सिटीची होस्टेलं पण सोडली नाहीत, आणि वॉशिंग्टन मात्र पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखानला एक शब्द बोलायला तयार नाही. मग ६ एप्रिलला ढाक्याच्या कचेरीतून एक तार गेली, त्यात सरळ लिहिलं होतं की लोकशाही चिरडली जातेय तरी आपलं सरकार निषेध करत नाही, अत्याचार होतायत तरी निषेध करत नाही, आणि यात अनेकांना आपली नैतिक दिवाळखोरीच दिसेल. खाली २० जणांच्या सह्या. जूनपर्यंत ब्लड ढाक्यातून बाहेर.

आता अभ्यासिकेत दोन गट पडलेत. एक म्हणतो २४ वर्षं नोकरी झालेला माणूस, पुढचं पाऊल राजदूत, कशाला हातातलं घालवायचं, गप राहिला असता तर अजून चांगलं काम करता आलं असतं. दुसरा म्हणतो अधिकारी असावा तर असा. माझे पप्पा एसटीत होते, त्यांचं म्हणणं की साहेबाला काय ते तोंडी सांगावं, लेखी कधी देऊ नये, लेखी दिलं की ते फायलीला लागतं आणि फाईल जन्मभर पाठ सोडत नाही.

मला हे जाणून घ्यायचंय की त्यांना खरंच शिक्षा झाली का नुसती बदली? अमेरिकेत ही नोकरी कशी चालते, बढती कशी मिळते? आणि सरकारचं धोरण चूक आहे असं अधिकाऱ्याने लेखी देणं त्यांच्या नियमात बसतं का?

शहादा_ते_मेरीलँड

मुक्ता, प्रश्न एक नंबर विचारलास. मी शहाद्याचा, बरीच वर्षं इकडे आहे, शेजारी एक रिटायर्ड फॉरेन सर्व्हिसवाले आजोबा राहतात त्यांच्यामुळे या विषयाची आवड लागली, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी सर्व्हिस. आपल्याकडे आयएफएस, म्हणजे परराष्ट्र सेवा, यूपीएससीतून, ३२ वर्षं वय आणि ६ अटेम्प्ट जनरलला, रँक लागली तर लागली. अमेरिकेत फॉरेन सर्व्हिसची परीक्षा वेगळीच, अटेम्प्टची मर्यादा नाही आणि साठीच्या आत कधीही भरती होता येतं, त्यामुळे मास्तरकी, वकिली, मिलिटरी करून आलेली माणसं पण असतात. सुरुवातीलाच लाईन निवडावी लागते. व्हिसावाले, अर्थव्यवस्थावाले, कचेरी चालवणारे, राजकीय रिपोर्टिंगवाले आणि जनसंपर्कवाले अशा पाच लाइनी. राजकीय लाईनचं मुख्य काम काय, तर त्या देशात फिरायचं, माणसांना भेटायचं आणि काय दिसतंय ते घरी लिहून पाठवायचं. हे नीट लक्षात ठेव, कारण ब्लड यांनी जे केलं ते याच कामाचा भाग होतं, नोकरी सोडून केलेलं आंदोलन नव्हतं.

बढतीची पद्धत आपल्यापेक्षा कडक. आपल्याकडे एकदा लागलो की बॅचबरोबर वर सरकत जातो. तिकडे ठराविक वर्षांत वरची पायरी मिळाली नाही तर घरी पाठवतात. दरवर्षी बोर्ड बसतं, सगळ्यांच्या गोपनीय अहवालांची तुलना होते. त्यामुळे वरिष्ठाला दुखावणं म्हणजे नुसती नाराजी नाही, पायरीच हुकते. आणि राजदूताची खुर्ची राष्ट्राध्यक्ष देतो, सिनेट मंजुरी देते, त्यातल्या साधारण एक तृतीयांश खुर्च्या तर सर्व्हिसच्या बाहेरच्या माणसांना जातात, देणगीदार, माजी सिनेटर, प्रोफेसर. भारतातच बघ ना, गालब्रेथ १९६१ ला आले ते हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ आणि १९७१ ला दिल्लीत बसलेले केनेथ कीटिंग हे न्यूयॉर्कचे माजी सिनेटर. म्हणजे खालून चढत आलेल्याला जागा आधीच कमी.

आता ब्लड. जन्म १९२३ शिकागोचा, वाढले व्हर्जिनियात, दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत होते, १९४७ ला सर्व्हिसमध्ये आले. ग्रीस, जर्मनी, अल्जीरिया अशी पोस्टिंगं. १९६० च्या सुरुवातीला एकदा ढाक्यात राहून गेलेले, मग मध्ये काबूल, पुन्हा अथेन्स, आणि १९७० ला ढाक्याचे प्रमुख म्हणून परत. म्हणजे गाव ओळखीचं, माणसं ओळखीची. नोव्हेंबर १९७० चं ते भयंकर चक्रीवादळ त्यांच्यासमोर झालं, त्यात लाखोंनी माणसं गेली आणि अमेरिकेची मदत पोचवायच्या कामात हीच कचेरी होती. लगेच डिसेंबरात इलेक्शन, शेख मुजीब यांच्या अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या १६२ पैकी १६० जागा नेल्या, सगळ्या पाकिस्तानात एकट्याचं बहुमत. हे सगळं त्यांनी जवळून बघितलेलं. मार्चमध्ये ज्यांना घरात घुसून गोळ्या घातल्या त्यातल्या कितीतरी जणांशी या कचेरीतल्या लोकांचं रोजचं उठणं बसणं होतं. कचेरीतल्या अनेकांनी आपल्या घरात बंगाली लोकांना लपवून ठेवलं होतं, त्यात हिंदू पण होते, आणि हे ब्लड यांनी वॉशिंग्टनला कळवलं सुद्धा.

अजून एक, ६ एप्रिलची तार ही पहिली नव्हती. त्याआधी २८ मार्चलाच एक गेली होती, तिचा विषयच "सिलेक्टिव्ह जेनोसाइड", म्हणजे वेचून केलेला नरसंहार. त्यात त्यांचं मागणं किती साधं होतं बघा, की निदान खाजगीत तरी पाकिस्तान सरकारला सांगा की हे बघून आम्हाला धक्का बसलाय. त्यालाही वरून काही उत्तर नाही. दिल्लीहून कीटिंग यांनी ब्लडना पाठिंबा देणारी कडक तार पाठवली, आणि इस्लामाबादचे राजदूत फारलँड मात्र उलट्या बाजूला. ढाक्याची कचेरी इस्लामाबादच्या हाताखाली, म्हणजे ब्लड यांचा थेट साहेबच विरोधात. मग ६ तारखेची तार आली. झोपायची वेळ झाली इकडे, बाकी उद्या लिहितो.

तापीकाठचे_आप्पा

मुक्ता बेटा, मी महसूल खात्यात अव्वल कारकुनापासून नायब तहसीलदारापर्यंत नोकरी केली, त्यामुळे तुझ्या पप्पांचं म्हणणं मला पुरतं कळतं, ते चूक बोलत नाहीयेत, नोकरीत सगळे हेच शिकवतात. पण मी ती तार कोणाकडून तरी प्रिंट करून घेऊन डिक्शनरी घेऊन वाचलेली आहे, आणि माझं लक्ष त्या २० सह्यांपेक्षा शेवटच्या परिच्छेदावर जास्त गेलं. तो ब्लड साहेबांचा स्वतःचा शेरा आहे.

बघ कसं आहे ते. पत्र हाताखालच्या लोकांनी लिहिलेलं, तरुण पोरं, राजकीय लाईनचे स्कॉट बुचर वगैरे. ते साहेबांच्या टेबलावर आलं. आता साहेबाकडे किती रस्ते असतात हे आमच्यासारख्यांना विचार. एक, दाबून ठेवायचं, "चर्चा करावी" असा शेरा मारून परत करायचं, म्हणजे ते कागद आपोआप मरतात. दोन, मवाळ करून पाठवायचं, जे धारदार आहे ते काढून टाकायचं. तीन, जसं आहे तसं पुढे ढकलायचं आणि खाली लिहायचं की हे कनिष्ठांचं वैयक्तिक मत आहे, म्हणजे आपण मोकळे. ब्लड साहेबांनी यातलं एकही केलं नाही. त्यांनी लिहिलं की या अधिकाऱ्यांना मतभेद नोंदवायचा हक्क आहे, माझीही मतं हीच आहेत, पण मी या कचेरीचा प्रमुख आहे तोवर यावर सही करणं मला योग्य वाटत नाही. आणि त्याखाली स्वतःचा अंदाज घातला की या लढ्याचा शेवट बहुधा बंगाल्यांच्या विजयात आणि स्वतंत्र बांगलादेशात होईल. तारीख ६ एप्रिल. भारत-पाक युद्धाला अजून आठ महिने बाकी होते, आणि हा माणूस निकाल लिहून मोकळा झाला!

ही जी पद्धत आहे ना, सही का करत नाही याचं कारण लिहायचं आणि त्याच कागदावर सहमती पण लिहायची, म्हणजे नियमही पाळला आणि पोरांना एकटंही सोडलं नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आमच्याकडे पैसेवारीचं, म्हणजे पीक किती आलं याच्या सरकारी आकड्याचं असतं. तलाठी, कृषीवाले शेतात जाऊन पीक कापणी प्रयोग करतात, काय उतारा आला ते मोजतात. ५० पैशांच्या खाली पैसेवारी गेली की गाव टंचाईत धरावं लागतं, सवलती द्याव्या लागतात, म्हणून एखाद्या साली वरून कोणाला तरी ती ५० च्या वरच पाहिजे असते. एका कचेरीत असाच प्रसंग माझ्यासमोर झाला, एका तरुण तलाठ्याने मोजलं तेच लिहिलं आणि आकडा बदलायला नाही म्हणाला. त्याच्या वरच्या साहेबांनी त्या कागदावर स्वतःच्या अक्षरात "मी स्वतः शेत पाहिले, आकडा बरोबर आहे" एवढं लिहून पुढे पाठवलं. पुढच्याच बदलीत ते साहेब लांबच्या तालुक्याला गेले पण त्या तलाठ्याच्या केसाला धक्का लागला नाही, कारण आता भांडण तलाठ्याशी राहिलं नव्हतं. ब्लड साहेबांच्या शेऱ्याचं वजन मला त्यामुळे कळतं. वीस कनिष्ठांचा कागद वॉशिंग्टनने केराच्या टोपलीत टाकला असता, प्रमुखाचा शेरा असलेला कागद टाकता येत नाही.

रोखठोक_धुळे

सगळ्यांचा मान ठेवून थोडं वेगळं लिहितो. आदर मलाही आहे, पण तारेने बदललं काय?

राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांना त्या वेळी चीनचं दार उघडायचं होतं आणि त्या दाराची चावी याह्याखानच्या खिशात होती. जुलै १९७१ ला किसिंजर पाकिस्तानात आले, पोट बिघडल्याचं नाटक केलं, नथियागलीला आराम करतायत अशी बातमी दिली आणि तिथून गुपचूप पेकिंगला (आताचं बीजिंग) जाऊन आले. त्या एका भेटीपुढे ढाक्यातली प्रेतं त्यांच्या हिशोबातच नव्हती. २८ एप्रिलला निक्सनपुढे पर्यायांचा कागद ठेवला तेव्हा त्याने हाताने लिहिलं की याह्याला आत्ता दाबू नका, आणि त्यातल्या "नका" खाली तीन रेघा ओढल्या. म्हणजे ब्लड यांची तार जाऊन तीन आठवडे झाल्यावर हा निर्णय आहे. किसिंजर तर ब्लड यांना ढाक्यातला माथेफिरू म्हणाले. सुमारे एक कोटी माणसं भारतात आली, डिसेंबरात युद्ध झालं, अमेरिकेने एंटरप्राइज जहाज बंगालच्या उपसागराकडे पाठवलं ते पण आपल्याला धमकवायला. शेवट केला तो भारतीय सैन्याने आणि मुक्तिवाहिनीने, १६ डिसेंबरला ९३ हजार जणांनी शरणागती पत्करली. ब्लड त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये टेबलावर बसलेले.

आणि दुसरं, करिअर संपलं संपलं म्हणतात ते पण तपासून घ्या. त्यांच्याच अधिकाऱ्यांच्या संघटनेने त्याच वर्षी त्यांना ख्रिश्चन हर्टर पुरस्कार दिला, धाडसी मतभेदासाठीच. नोकरीवरून काढलं नाही, पेन्शन गेली नाही. नंतर दिल्लीच्या दूतावासात दोन नंबरच्या पदावर होते. माणूस १९८२ ला सन्मानाने रिटायर झाला. मग शहीद कशाला करताय?

मुक्ता, परीक्षेत लिहिताना भावनेत वाहून जाऊ नको एवढंच.

शहादा_ते_मेरीलँड

रोखठोक भाऊ, निक्सनचं तुम्ही लिहिलं ते सगळं बरोबर, त्यात वाद नाही. पण करिअरच्या बाबतीत मला उत्तर द्यावंच लागेल कारण मुक्ताचा मूळ प्रश्न तोच आहे, आणि काल माझं तिथेच अर्धवट राहिलं होतं.

ब्लड यांना ढाक्यात अजून दीड वर्षं काढायची होती. सुट्टीवर घरी बोलावलं आणि परत जायचं नाही असं सांगितलं. आदेशात शिक्षा असा शब्द कुठे नाही, तो कधीच नसतो. वॉशिंग्टनला पर्सोनेल विभागात टेबल दिलं. आता बघा, दक्षिण आशिया कोळून प्यायलेला माणूस, आणि १९७१ च्या डिसेंबरात, जेव्हा त्याच्या ज्ञानाची सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा तो कर्मचाऱ्यांच्या बदल्या बघतोय. पुढे १९७३ ला किसिंजर स्वतः परराष्ट्रमंत्री झाले, म्हणजे आता तेच सर्वोच्च साहेब. त्या काळात ब्लड पेनसिल्व्हेनियात कार्लाइलच्या आर्मी वॉर कॉलेजात सल्लागार. किसिंजर जानेवारी १९७७ ला गेले आणि मग ब्लड दिल्लीला आले. हा क्रम नुसता बघितला तरी कळतं काय चाललं होतं.

दिल्लीत काम काय साधं नव्हतं, राजदूत नसताना कित्येकदा दूतावास त्यांनीच सांभाळला. १९७९ ला काबूलमध्ये राजदूत डब्स मारले गेल्यावर ती कचेरी राजदूताशिवायच चालत होती, तिथेही ब्लडना काही काळ पाठवलं आणि ऑक्टोबरात अफगाणिस्तानचा तेव्हाचा सत्ताधारी अमीनला भेटले ते हेच. म्हणजे अडचणीच्या जागी माणूस उपयोगी आहे हे खात्याला पक्कं माहीत होतं. पण राजदूत? एकदाही नाही. ३५ वर्षांच्या नोकरीत एकदाही नाही.

हे किती मोठं नुकसान आहे ते दुसऱ्याशी ताडून बघा. थॉमस पिकरिंग १९५९ ला सर्व्हिसमध्ये आले, ब्लड यांच्यानंतर बारा वर्षांनी. ते जॉर्डन, नायजेरिया, एल साल्वाडोर, इस्रायल, संयुक्त राष्ट्रं, भारत आणि रशिया अशा सात ठिकाणी राजदूत झाले, वर खात्यात तीन नंबरच्या पदापर्यंत पोचले. पिकरिंग फारच असामान्य होते हे कबूल, सगळ्यांना ते जमत नाही. पण ४८ व्या वर्षी कॉन्सल जनरल असलेल्या, वादळ आणि इलेक्शन दोन्ही सांभाळलेल्या माणसाला एखादा मध्यम देश नक्की मिळाला असता. तो दिला नाही. आणि पुरस्काराचं म्हणाल तर तो सहकाऱ्यांनी दिला, सरकारने नाही, दोन्हीत फरक आहे.

तारेने काय बदललं याचं पण सांगतो. त्या तारेवर गुप्ततेचा शिक्का खालच्या दर्जाचा होता, त्यामुळे ती वॉशिंग्टनमध्ये खूप टेबलांवर पोचली. त्याच दिवशी तिथल्या दक्षिण आशिया बघणाऱ्या नऊ अधिकाऱ्यांनी परराष्ट्रमंत्री रॉजर्स यांना लिहून दिलं की ढाकावाल्यांशी आम्ही सहमत आहोत. म्हणजे धोरण चुकलं ते माहिती नव्हती म्हणून नाही हे कागदावर कायमचं नोंदलं गेलं. २००२ ला हे कागद खुले झाले आणि आज कोणीही "आम्हाला तेव्हा कल्पना नव्हती" असं म्हणू शकत नाही ते याच तारांमुळे.

मुक्ता, नियमाचं विचारलं होतंस. हो, बसतं. व्हिएतनामच्या काळात अधिकारी फार नाराज होते, त्यातून डिसेंट चॅनेल नावाची सोय १९७१ लाच आली, अधिकृत मार्गाने वर मतभेद कळवायचा, त्याबद्दल शिक्षा करायची नाही असा नियम. ढाक्याची तार ही त्या मार्गाने गेलेल्या सगळ्यात पहिल्या आणि सगळ्यात गाजलेल्या तारांपैकी. नियम होता तरी ब्लड यांचं जे झालं ते झालंच.

भुसावळ_जंक्शन

मी तेव्हा शाळेत होतो, भुसावळला रेल्वे कॉलनीत. राजकारण काही कळत नव्हतं पण मिलिटरीच्या गाड्या जाताना बघायला आम्ही पोरं पुलावर पळायचो, आणि वडील सांगायचे की पूर्वेकडे फार वाईट चाललंय, माणसं घरंदारं सोडून इकडे येऊन राहिलीत.

रोखठोक भाऊंनी एक कोटीचा आकडा दिला म्हणून आठवलं. त्या साली नोव्हेंबरपासून पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी आणखी ५ पैशांचं तिकीट लावावं लागायचं, शरणार्थी सहायता म्हणून. सुरुवातीला वेगळी तिकिटं छापून आली नव्हती तर कुटुंब नियोजनाच्या ५ पैशांच्या तिकिटावरच "रिफ्यूजी रिलीफ" छापून किंवा शिक्का मारून चालवली, मग डिसेंबरात शरणार्थ्यांचं चित्र असलेलं खरं तिकीट आलं. ते १९७३ च्या मार्चपर्यंत चालू होतं. माझ्याकडे आत्याने पाचोऱ्याहून पाठवलेली अशी पाकिटं आहेत, एकावर तो शिक्का तिरका पडलाय आणि खालचं त्रिकोणी चिन्ह अर्धं दिसतं. आत्याच्या घरी कोरडवाहू शेती, पैसा मोजून वापरायचा, तरी प्रत्येक पत्राला ते ५ पैसे गेले. देशातल्या सगळ्यांनीच भरले.

ब्लड साहेब एप्रिलमध्ये जे लिहित होते त्याचा भार आपल्या खान्देशातल्या घराघराने उचलला, म्हणून मला वाटतं हा विषय नुसता अमेरिकेचा नाहीये. त्यांचं वेळीच ऐकलं असतं तर काय झालं असतं कोण सांगणार, पण सांगणारा माणूस होता आणि त्याने वेळेत सांगितलं होतं, त्याला मान दिलाच पाहिजे. त्यांच्या ढाक्यातल्या अमेरिकन सेंटरच्या लायब्ररीला आता त्यांचं नाव दिलंय, २००४ ला ते वारल्यावर बांगलादेशच्या पेपरांत मोठ्या बातम्या आल्या होत्या.

चोपड्याची_मुक्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, आप्पा तुमचा शेऱ्याचा मुद्दा तर मी पप्पांना फोनवर वाचून दाखवला, ते बराच वेळ गप्प होते मग म्हणाले की असा साहेब मिळाला तर लेखी द्यायला हरकत नाही.

मला आता असं वाटायला लागलंय की आमच्या अभ्यासिकेतले दोन्ही गट ब्लडना एकट्याला धरून बोलत होते. खरं तर निर्णय त्यांच्यापुढे असा होता की पोरांनी लिहिलेलं आपण अडवायचं का. रोखठोक दादा, तुमचं पण पटतं की धोरण बदललं नाही, पण अधिकाऱ्याचं काम खरं कळवणं आहे, धोरण ठरवणं नाही, मग ते बदललं नाही याचा दोष त्याच्या माथी कसा मारायचा?

एक राहिलं, आपल्याकडे आयएफएसमध्ये असा मार्ग आहे का?

रोखठोक_धुळे

बरोबर आहे ताई तुझं, दोष त्याचा नाहीच. माझा राग निक्सनवर होता तो लिहिताना दुसरीकडे गेल्यासारखा वाटला असेल.

आपल्याकडे डिसेंट चॅनेल या नावाचं वेगळं काही नाही. आपलं चालतं ते फाईलवरच्या टिपणीवर, टिपणीत अधिकाऱ्याने वेगळं मत लिहिलं तर ते राहतं, पण बाहेर बोलायचं झालं तर १९६४ चे वर्तणूक नियम लागू. त्यामुळे टिपणी नीट लिहिता येणं हेच हत्यार.

आणि तुझ्या उत्तरात घालायला एक गोष्ट देतो. ज्या ६ एप्रिलला ढाक्याहून ब्लड यांची तार गेली, त्याच ६ एप्रिलला दिल्लीत पाकिस्तानी हायकमिशनमधल्या दोन बंगाली अधिकाऱ्यांनी, के. एम. शहाबुद्दीन आणि अमजदुल हक यांनी, पाकिस्तानची नोकरी सोडून बांगलादेशची बाजू घेतली. त्या वेळी बांगलादेशचं सरकार सुद्धा अजून स्थापन व्हायचं होतं, पगार कोण देणार माहीत नाही, गावाकडे घरचे लोक लष्कराच्या तावडीत. १८ एप्रिलला कलकत्त्यात पाकिस्तानचे उपउच्चायुक्त हुसेन अली यांनी तर अख्खी कचेरी फिरवली आणि तिच्यावर बांगलादेशचा झेंडा लावला. म्हणजे एका महिन्यात तीन शहरांत सरकारी नोकरांपुढे तोच प्रश्न आला, ब्लड नोकरीत राहून बोलले आणि हे नोकरी सोडून. दोन्ही रस्ते शेजारी ठेवून लिही, परीक्षकाला काहीतरी नवीन वाचायला मिळेल.

तापीकाठचे_आप्पा

रोखठोक, हे ६ एप्रिलचं मला माहीत नव्हतं, फार चांगलं सांगितलंस भाऊ.

मुक्ता, तारा मुळातून वाच, नुसत्या नोट्सवर जाऊ नको. मोठी तार आहे तिचा नंबर ढाका ११३८ आणि २८ मार्चची ढाका ९५९, दोन्ही अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने स्वतःच छापलेल्या १९७१ च्या कागदपत्रांत आहेत आणि फुकट मिळतात. आधी ९५९ वाच मग ११३८. पहिलीत साहेब अजून विनवतायत की काहीतरी बोला, दुसरीत विनवणं संपलंय. आणि इंटरव्ह्यूत कोणी विचारलं की तू असतीस तर काय केलं असतंस, तर ब्लडसारखं करीन असं घाईने बोलून टाकू नको. हाताखालच्यांनी असा कागद आणला तर तो अडवणार नाही आणि माझं मत त्याच्यावर लिहीन, एवढंच सांग, कारण तेवढं पाळायला सुद्धा नोकरीत दम लागतो.

चोपड्याची_मुक्ता

हो आप्पा, दोन्ही डाउनलोड केल्या, ९५९ दीड पानाचीच आहे. शनिवारी अभ्यासिकेत सगळे मिळून वाचणार आहोत, जळगाव, धरणगाव, अमळनेरकडचं कोणी येणार असेल तर निरोप टाका, पत्ता पाठवते. भुसावळच्या काकांनी ती पाकिटं आणली तर फारच बरं होईल.